कार्ड बसवलं, पण प्रिंट येईना: बिघाड कुठे शोधायचा

शाहूपुरीतली गुळाची अडत पेढी असो, उद्यमनगरातलं वर्कशॉप असो की शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं स्टोअर, प्रिंटरची अडचण साधारण एकच असते. प्रिंटर ठणठणीत असतो, पण यूएसबीने एकाच संगणकाला जोडलेला. तो संगणक बंद असला की बाकीच्यांची बिलं अडतात. मग प्रिंटरच्या मागच्या खाचेत नेटवर्क कार्ड, म्हणजे प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कला थेट जोडणारा छोटा बोर्ड, बसवलं जातं, आणि त्यानंतर एकतर पडद्यावर कसलातरी नंबर झळकतो, नाहीतर कुठलीच एरर न दाखवता प्रिंटर गप्प बसतो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात संगणकाकडे जातो. ड्रायव्हर काढायचा, पुन्हा टाकायचा, संगणक रिस्टार्ट करायचा. यात अख्खी दुपार जाते आणि हाती काही लागत नाही. बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: प्रिंटर आणि कार्ड यांच्यात, कार्ड आणि नेटवर्क यांच्यात, किंवा संगणक आणि कार्ड यांच्यात. त्यातलं नेमकं ठिकाण प्रिंटर स्वतः छापून देतो. त्या कागदाला कॉन्फिगरेशन पेज म्हणतात. तो कागद हातात येईपर्यंत संगणकाला हात लावू नका.

बसवताना

कार्ड घेताना दुकानात नुसतं 'नेटवर्क कार्ड द्या' म्हणून भागत नाही. प्रिंटरचं पूर्ण मॉडेल आणि कार्डाचा पार्ट नंबर जुळला पाहिजे. एचपीच्या जुन्या दणकट लेझर प्रिंटरमध्ये (उदाहरणार्थ ४२०० किंवा ४२५०) ईआयओ खाच असते. त्यात जेटडायरेक्ट ६२०एन हे १०/१०० चं (वेग १० किंवा १०० मेगाबिट) कार्ड बसतं, त्याचा पार्ट नंबर जे७९३४ए किंवा जे७९३४जी. त्याहून जुन्या प्रिंटरमधली एमआयओ खाच वेगळी, तिचं कार्ड यात जात नाही. एप्सनच्या टीएम मालिकेतल्या बिल प्रिंटरला यूबी कार्ड लागतं, आणि ज्या डॉट मॅट्रिक्सला टाइप-बी खाच आहे त्याला टाइप-बी कार्ड. खाच दिसायला सारखी म्हणून जोर लावून कार्ड दाबू नका. पिन वाकली तर कार्डाबरोबर प्रिंटरचा बोर्डही जातो.

जुनं कार्ड घेत असाल तर उजेडात धरून कनेक्टर बघा. पिनांवर हिरवट थर किंवा पांढरी पूड दिसली तर ते कार्ड पाण्यात किंवा दमटीत राहिलेलं आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात कितीतरी दुकानांत, ऑफिसांत पाणी शिरलं होतं. असं कार्ड पुसून चार दिवस चालतं आणि मग ऐन मार्चअखेरीला बंद पडतं. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

प्रिंटर बटणाने बंद करा, वीजेची वायर भिंतीतून काढा आणि अर्धा मिनिट थांबा. प्रिंटरच्या उघड्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत हे टाळू नका. कार्ड कडेने धरा, खाचेतल्या रुळांवरून सरळ आत सरकवा. कार्डाची पत्र्याची पट्टी प्रिंटरच्या अंगाशी सपाट बसली पाहिजे, मधे नखाएवढीही फट नको. मग दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळा. एकच स्क्रू लावून सोडून देण्याची सवय फार आहे. नंतर लॅनची (ऑफिसच्या नेटवर्कची) वायर ओढली गेली की कार्ड एका बाजूने कलतं, एका टोकाचा संपर्क सुटतो आणि 'कधी चालतं, कधी नाही' हा सर्वात त्रासदायक प्रकार सुरू होतो.

फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. खाच कित्येक वर्षं झाकलेली असली तरी आत बारीक काळी धूळ जाते. ती काढायला शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. कोरडा मऊ ब्रश घ्या. संपर्क पुसायचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा आणि पूर्ण सुकू द्या. खोडरबर घासल्याने सोन्याचा पातळ मुलामा निघतो.

पहिल्यांदा चालू करताना लॅनची वायर लावू नका. यूएसबीही काढून ठेवा. प्रिंटर आणि कार्ड, दोघंच असू द्यात. कार्डाचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर असतं, ते सुरू व्हायला वेळ लागतो. त्या काळात पडद्यावर 'इनिशियलायझिंग' असं काही दिसत असेल तर बटण दाबू नका, वीज काढू नका.

पडद्यावर नंबर आला तर

एचपीच्या लेझरमध्ये ८ ने सुरू होणारा नंबर आणि पुढे 'ईआयओ एरर' असं आलं तर तक्रार थेट कार्डाबद्दल आहे. प्रिंटर बंद करून वायर काढा, कार्ड पूर्ण बाहेर काढा, पुन्हा बसवा. दोन खाचा असतील तर दुसरीत लावून बघा. दुसरीत चाललं तर पहिली खाच खराब, दोन्हीत ८ ने सुरू होणारा नंबर आला तर कार्ड खराब.

४९ किंवा ७९ ने सुरू होणारा नंबर मात्र फसवा. हे नंबर प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर अडखळलं एवढंच सांगतात. कारण कार्ड असू शकतं, मेमरी असू शकते, किंवा संगणकाने पाठवलेलं एखादं बिघडलेलं प्रिंट असू शकतं. हे शेवटचं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. प्रिंटर अडखळतो, तुम्ही तो बंद-चालू करता, तो नेटवर्कवर येतो, आणि संगणकाच्या रांगेत थांबलेलं तेच खराब प्रिंट पुन्हा येऊन आदळतं. पुन्हा ४९. मग कार्डावर खापर फुटतं आणि चांगलं कार्ड परत जातं.

म्हणून लॅनची वायर काढून प्रिंटर चालू करा. 'रेडी' आलं तर कार्ड आणि प्रिंटर निर्दोष आहेत, रांग साफ करा. वायर नसतानाही तोच नंबर आला तर कार्ड काढून चालू करा. आता 'रेडी' आलं तर कार्ड संशयित. कार्ड नसतानाही नंबर तोच असेल तर बिघाड प्रिंटरच्या मेमरीत किंवा बोर्डात आहे, कार्ड बदलून तो जाणार नाही.

रांग साफ करायला प्रत्येक संगणकावर 'सर्व्हिसेस' उघडा, 'प्रिंट स्पूलर' थांबवा. सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने आत जा आणि त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फायली पुसा. फोल्डर स्वतः पुसू नका. मग स्पूलर पुन्हा सुरू करा. एक संगणक जरी राहिला तरी खेळ पुन्हा सुरू होतो.

आता तो कागद

बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये मेनूतल्या 'इन्फर्मेशन' किंवा 'रिपोर्ट्स' खाली कॉन्फिगरेशन छापायची सोय असते. एचपीत कार्ड नीट ओळखलं गेलं असेल तर प्रिंटरच्या पानाबरोबर जेटडायरेक्टचं वेगळं पान येतं. ते आलंच नाही, तर प्रिंटरला कार्ड दिसतच नाही. पुढचं काही करू नका, पुन्हा बसवण्याकडे वळा. यूबी कार्डावर एक छोटं बटण असतं, ते दाबून धरलं की नेटवर्कची माहिती बिलाच्या कागदावर छापून येते.

आता लॅनची वायर लावा, दोन मिनिटं थांबा आणि पान पुन्हा छापा. त्यावरच्या चार ओळी पेनने गोल करा: कार्डाची स्थिती, पोर्टचा वेग, आयपी पत्ता (नेटवर्कातला प्रिंटरचा नंबर), आणि तो पत्ता कोणी दिला. हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक, हाही लिहून ठेवा.

स्थितीत 'आय/ओ कार्ड रेडी' असेल तर पुढे जा. 'लॅन एरर – लॉस ऑफ कॅरियर' असेल तर वायरीपलीकडे काही बघायची गरज नाही. कार्डाला समोरून विजेचा संकेतच मिळत नाही.

वायरीचं एक टोक

कार्डावरचा दिवा लागत नसेल तर आधी स्विचचं (सगळ्या लॅन वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्याचं) दुसरं पोर्ट, मग माहितीतली चांगली वायर. त्याने चालू झालं तर जुन्या वायरीचं टोक डोळ्यांजवळ आणून बघा. प्लगची क्लिप खाली, वायर तुमच्याकडे, सोनेरी पट्ट्या वर. डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लक्ष द्या, हिरव्या जोडीच्या दोन तारा एकमेकींशेजारी नाहीत. एक तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, आणि निळी जोडी त्यांच्या मधे.

इथेच घोटाळा होतो. घाईत कोणी जोड्या ओळीने लावतो: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना तसंच. दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर आठही दिवे एकापाठोपाठ एक लागतात, कारण तार इथून तिथे जाते एवढंच तो बघतो. पण १०० च्या वेगाला १, २, ३ आणि ६ या पिन लागतात. ३ आणि ६ वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारांवर गेल्या की पीळ कामाचा राहत नाही आणि गोंगाट आत शिरतो. दोन मीटरच्या तुकड्यावर कदाचित चालेल, पंचवीस मीटरवर लिंक येईल-जाईल, छोटं पत्र छापेल आणि पन्नास पानांचं लेजर मधेच थांबेल. टेस्टरवर विश्वास ठेवून लोक कार्ड बदलतात.

टोक मारताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. वायरीचं वरचं आवरण प्लगच्या आत, दाबाच्या खिटीखाली गेलं पाहिजे. आवरण बाहेर आणि नुसत्या तारा आत असं दिसलं तर ते टोक कापून टाका.

गिगाबिट कार्ड असेल तर आठही तारा लागतात. तपकिरी जोडी तुटलेली असेल तर कार्ड आणि स्विच १००० वर बोलायचं ठरवतात आणि जमत नाही म्हणून पुन्हा पुन्हा तुटतात. तात्पुरता उपाय म्हणून कार्डाचा वेग १०० वर बांधता येतो, पण मग स्विचच्या पोर्टवरही तोच बांधावा लागतो. एका बाजूला 'ऑटो' आणि दुसऱ्या बाजूला '१०० फुल' ठेवलंत तर ऑटोवाली बाजू 'हाफ' (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) समजून चालते. पानावर 'हाफ' छापलेलं दिसलं आणि प्रिंट गोगलगायीसारखं येत असेल तर हेच झालेलं आहे. साध्या आठ पोर्टच्या स्विचला सेटिंगच नसतं, तिथे दोन्हीकडे ऑटोच ठेवा आणि वायर दुरुस्त करा.

पत्ता वाचायचा कसा

आयपीच्या ओळीत १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा असेल, तर कार्डाने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. जुन्या जेटडायरेक्टमध्ये याच जागी १९२.०.०.१९२ दिसतं. एप्सनच्या यूबी कार्डांमध्ये कारखान्यातून येणारा पत्ता १९२.१६८.१९२.१६८ असतो. यातलं काहीही असलं तरी अर्थ एकच: कार्ड अजून तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कात आलेलं नाही.

आणि १०. ने सुरू होणारा किंवा भलताच एखादा आकडा असेल, 'कॉन्फिगर्ड बाय'पुढे 'मॅन्युअल' असेल, तर तो आधीच्या मालकाच्या ऑफिसचा पत्ता आहे. जुन्या कार्डात हे हमखास निघतं. कधी पत्त्याबरोबर आधीच्यांचा पासवर्ड आणि परवानगीची यादीही राहते. मग पिंग (संगणकावरून त्या पत्त्याला मारलेली हाक) चालतं, पण प्रिंट जात नाही, आणि माणूस चक्रावतो. अशा कार्डाला आधी कोल्ड रिसेट, म्हणजे सगळी सेटिंगं मुळावर नेणं. त्याची बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघूनच करा. आधी कॉन्फिगरेशन पेज छापून ठेवा, कारण ट्रे आणि कागदाची सेटिंगंही मुळावर जातात.

नवा पत्ता कायमचा द्या. राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १९२.१६८.१.२ पासून २५४ पर्यंत सगळे पत्ते वाटत असेल, तर त्यातलाच एक आकडा उचलून प्रिंटरला देऊ नका. आज चालेल, आठवड्याने तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला मिळेल आणि प्रिंटर 'ऑफलाइन' होईल. राउटरच्या डीएचसीपीत (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीत) वाटपाची हद्द १०० ते १९९ करा आणि प्रिंटरला ५० द्या. किंवा मॅक पत्ता टाकून राउटरमध्येच जागा राखून ठेवा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता टाकायला विसरू नका.

पत्ता बरोबर असून पिंगला उत्तर येत नसेल तर ऑफिसात राउटर किती आहेत ते मोजा. इंटरनेटवाल्याने एक दिलेला असतो आणि वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा विकत आणलेला असतो. दुसऱ्याच्या 'वॅन' (इंटरनेटची वायर घ्यायच्या) पोर्टात वायर घातली की तो आपलं वेगळं राज्य थाटतो. प्रिंटर त्याच्याखाली असेल तर तो १९२.१६८.० मध्ये, पहिल्या राउटरवरचे लॅपटॉप १९२.१६८.१ मध्ये, म्हणून त्यांना तो सापडत नाही. दुसऱ्या राउटरचा पत्ता पहिल्याच्या हद्दीत, वाटपाबाहेर ठेवा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर 'वॅन'मधून काढून 'लॅन' पोर्टात लावा. गेस्ट वायफायवरून मात्र प्रिंट येणार नाही, तो तसाच बनवलेला असतो.

सकाळी वीज येते तेव्हाचा घोळ वेगळा. वीज येताच प्रिंटर लगेच उठतो, राउटर मागून उठतो. पत्ता मागायच्या वेळी द्यायला कोणी नसतं. कायमचा पत्ता दिला की हा प्रश्न सुटतो. राउटर आणि स्विच यूपीएसवर घ्या, लेझर प्रिंटर नको. त्याचा हीटर चालू झाला की ६०० व्हीएचा यूपीएस ओव्हरलोड होतो आणि संगणकही बंद पडतो.

संगणकाची पाळी

पिंगला उत्तर आलं, आता संगणक. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रिंटरचं जुनं चिन्हच वापरत राहणं. ते अजून 'यूएसबी००१' पोर्टाकडे बोट दाखवतंय, तिथे आता काही नाही. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' उघडा, 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडा, प्रिंटरचा पत्ता टाका. प्रकार 'रॉ', पोर्ट ९१००. एलपीआर निवडलंत तर रांगेचं नावही द्यावं लागतं, जेटडायरेक्टसाठी ते 'रॉ' किंवा 'ऑटो'. 'टेक्स्ट' दिलंत तर चित्रांसकट सगळं विस्कटेल.

विंडोजने आपोआप प्रिंटर शोधून जोडला असेल तर पोर्टाचं नाव 'डब्ल्यूएसडी' ने सुरू होतं. ते काही दिवस चालतं आणि मग कारण नसताना 'ऑफलाइन' दाखवतं. बदलून वरचंच पोर्ट द्या. तरीही 'ऑफलाइन' दिसतंय पण प्रिंट येतंय असं असेल, तर पोर्टाच्या सेटिंगमधली 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ही खूण काढा.

पानावर '@पीजेएल' अशी ओळ किंवा इंग्रजी आज्ञांची रास उमटली, म्हणजे ड्रायव्हर एका भाषेत बोलतोय आणि प्रिंटर दुसऱ्या भाषेत ऐकतोय. प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट ही भाषा येत नसेल तर पीसीएल या भाषेचा ड्रायव्हर टाका.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांसाठी थोडं जास्त. नवं पोर्ट जोडताना प्रिंटरही नव्याने जोडलात तर कागदाचं माप ए४ होऊन बसतं. तुमची जोडपानं १२ इंची असतात, ए४ ११.६९ इंच. म्हणजे दर पानाला सुमारे ८ मिलिमीटरची घसरण. पहिलं बिल बरोबर, तिसरं एकूण रकमेच्या चौकटीत नाही, दहावं थेट छिद्रांच्या ओळीवर. कार्डाचा यात काही संबंध नाही. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'मध्ये १२ इंच उंचीचा नवा फॉर्म बनवा आणि तो प्रिंटरला लावा. जुन्या डॉसच्या हिशेब प्रोग्रामला मात्र एलपीटी१ च दिसतं. त्याच्यासाठी प्रिंटर छोट्या नावाने शेअर करा आणि 'नेट यूज' आज्ञेने एलपीटी१ त्या शेअरकडे वळवा.

वळवाच्या आधी

एप्रिल-मे मधला वळीव कोल्हापुरात विजांसकट येतो, आणि नेटवर्क कार्डं सर्वात जास्त तेव्हा जातात. वीज अंगावर पडावी लागत नाही. ऑफिस ते गोडाऊन उघड्यावरून ओढलेली लॅनची वायर आजूबाजूच्या कडकडाटाचा झटका आत आणते. दुसऱ्या दिवशी प्रिंटर चालू, यूएसबीवर छान छापतो, फक्त कार्डाचा दिवा कायमचा गेलेला. स्विचचं तेच पोर्टही तपासा, बऱ्याचदा दोघं जोडीनं जातात. नवं कार्ड त्याच मेलेल्या पोर्टात लावून 'हेही खराब निघालं' असं ठरवू नका.

दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर नको, फायबर टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणारा डबा) बसवा. ते होईपर्यंत संध्याकाळी आभाळ भरून आलं की कार्डातली वायर काढून ठेवा. वीजेची वायर काढून लॅनची तशीच ठेवली तर उपयोग नाही.

सगळं जमल्यावर शेवटचं एक पान छापा. त्यावर कार्डाचा पार्ट नंबर आणि स्विचचं कितवं पोर्ट ते लिहा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून प्रिंटरच्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी नवं पान त्याच्याशेजारी धरलं की कोणती ओळ बदलली ते दिसेल, आणि शोध तिथूनच सुरू करता येईल.